सुनेचे केस

न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला केसांचा पुंजका मोठ्या बाईंनी दोन बोटांच्या चिमटीत उचलला आणि खिडकीच्या उजेडाकडे नेला. चाळीस वर्षं नाटकवाल्यांसाठी खोट्या केसांचे टोप विणण्यात गेलेली, त्यामुळे केस कुणाचाही असो, उजेडात धरून बघितल्याशिवाय तो त्यांना फेकवत नसे. बघून झाल्यावर त्यांनी पुंजका डब्यात टाकला आणि झाकण गरजेपेक्षा जरा जोरात आपटलं. आतल्या खोलीत सुनेला ऐकू जायला हवं होतं.

सुनेला ऐकू गेलंच. ती धावत आली.

"आई, टाकलेत का तुम्ही? अहो, मला ते पिशवीत ठेवायचे होते!"

तर ही पिशवीची भानगड. बाळंतपणाला तीन महिने होतात न होतात तोच सूनबाईंचे केस गळायला लागले आणि घरातली बाकीची सगळी कामं मागे पडली. रोज विंचरून झालं की गळालेले केस एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायचे, वर तारीख लिहायची आणि कालच्या पिशवीशेजारी ती ठेवून बघत बसायचं. आजचे जास्त की कालचे? नवऱ्याला विचारायचं, फोनवर मैत्रिणीला विचारायचं. नवरा दोन्ही पिशव्या हातात घेऊन तराजूसारखा उभा राही आणि म्हणे, "सेमच वाटतायत." मोठ्या बाईंचा हा एकुलता एक मुलगा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना तो दहा मिनिटांत बाहेर काढत असे, पण आई आणि बायकोच्या मध्ये अडकला की त्याला नेमका कुणाचा तरी फोन येई.

बाई हे सगळं बघत होत्या आणि नाक मुरडत होत्या. नाक मुरडणं हे त्यांचं टोप विणण्याच्या खालोखालचं कौशल्य. आधी कांद्याचा रस आला. चार दिवस घराला असा वास होता की दूधवाला दारातूनच पळायचा. मग एक हिरवी बाटली आली. बाटलीवर पाठीवर केस सोडलेली एक बाई हसत होती. मोठ्या बाईंनी बाटली डोळ्याजवळ नेली. चित्रातल्या बयेच्या कपाळाची कड बघून त्यांना कळलं की टोप आहे, आणि तोही घाईत चिकटवलेला. हे त्यांनी सुनेला सांगितलं का? छे. बाटली होती तिथे ठेवली आणि दिवसभर मनातल्या मनात हसल्या.

शेवटी सूनबाई एका केसतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आल्या. त्या तज्ज्ञ बाईंनी भिंतीएवढ्या पडद्यावर तिची टाळू मोठी करून दाखवली आणि सांगितलं की मुळांवर ताण नको, केस बांधू नका, मोकळे सोडा. झालं! त्या दिवसापासून ती घरभर केस सोडून फिरायला लागली. उशीवर केस, चहाच्या कपात केस, बाळाच्या दुपट्यावर केस.

"बाळाच्या अंगावर पडतात गं," बाई म्हणाल्या होत्या.

"मी उचलते ना आई. रोज दोनदा दुपटी झटकते."

झटकायची, हे खरं होतं. पण ते कबूल करणं बाईंच्या स्वभावात नव्हतं.

आता खरी गंमत अशी की केस का गळतात हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या टोप विणत त्या कारखान्यात केस विकायला बायका यायच्या. मोठ्या बाई त्यांना स्टुलावर बसवायच्या, बोटांनी डोकं चाचपायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "मूल केवढं आहे?" चार-पाच महिन्यांचं म्हटलं की केस घ्यायचे नाहीत, हा कारखान्याचा नियम बाईंनीच घालून दिलेला. "आत्ता कापू नकोस. पोटुशी असताना जे गळायचे राहिले ते आता एकदम गळतायत. सगळ्यांचंच होतं. मूल वर्षाचं झालं की ये, डोकं पुन्हा भरलेलं असेल." असं सांगून त्या तिला चहा पाजून पाठवत. रडत आलेल्या कितीतरी जणी त्यांच्याकडून हसत गेल्या होत्या. अनोळखी बायकांसाठी मोठ्या बाईंच्या तोंडात साखर असायची.

सुनेने मात्र आधी फोनमधल्या व्हिडिओला विचारलं, मग मैत्रिणीला, मग दुकानातल्या पोरीला, मग तज्ज्ञ बाईला. सर्वांत शेवटी, एका संध्याकाळी बाळाला पाजता पाजता, सासूला.

"आई, तुमचेही असे गेले होते का हो? येतात ना परत?"

शेवटी विचारलं, यानेच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चाळीस वर्षं जिची बोटं केसांत आहेत ती घरात बसलेली, आणि ही आधी गावभर विचारून आली!

"आमच्या वेळी केसांकडे बघायला वेळ नव्हता," बाई म्हणाल्या आणि टोप विणायची आकडी उचलून कामाला लागल्या.

त्या कामामागेही एक डाव होता. तीन आठवड्यांनी सूनबाई कामावर परत जाणार होत्या. एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, असं तिचं काम. ती गेल्यावर ठमीला कोण सांभाळणार? ठमी म्हणजे नात. गालांमुळे डोळे दिसत नाहीत अशी ती होती, म्हणून बाईंनी हे नाव ठेवलेलं. सुनेच्या मनात पाळणाघर होतं. दोन गल्ल्या पलीकडचं एक ती बघूनही आली होती. आणि बाईंना ठमी हवी होती. दुसरं काही नको, कुणाचे आभार नकोत, ठमी हवी. मुलगा लहान असताना त्या कारखान्यातच असायच्या. तो कधी रांगायला लागला हे त्यांना शेजारणीकडून कळलं होतं. या खेपेला तसं व्हायला नको होतं.

सुनेचं म्हणणं एवढंच होतं, "आई, तुमचं काम चालू आहे. दोन्ही कसं जमेल?"

जमतं हे दाखवण्यासाठी बाईंनी कारखान्याच्या मालकांना सांगून एक टोप घरी आणला. नव्या नाटकातल्या राणीचा, कमरेपर्यंत केसांचा. खिडकीपाशी तिपाईवर लाकडी डोकं, त्यावर माणसाच्या टाळूच्या मापाची बारीक जाळी, बाजूला कापून जुळवलेल्या लांब केसांची बट. आकडीने एकेक केस उचलायचा, मधोमध दुमडायचा, जाळीच्या भोकातून ओढून गाठ मारायची. हे करता करता पायाने पाळणा हलवायचा. सुनेने येता-जाता बघावं, म्हणून तिपाई मुद्दाम दारासमोर मांडलेली.

शनिवारी सुनेला कंपनीत कागदांवर सह्या करायला जायचं होतं. तीन तास. ठमी पहिल्यांदाच पूर्णपणे आजीच्या ताब्यात राहणार होती. जाताना सुनेने दूध कुठे, लंगोट कुठे, फोन कुठे हे सगळं दोनदा सांगितलं. बाईंनी दोन्ही वेळा भिंतीकडे बघून ऐकलं.

तीन तास झकास गेले. ठमी पाळण्यात कुरकुरली तेव्हा बाईंनी तिला मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या अंगावरून हात लांब करून टोपाचं काम चालू ठेवलं. एक गाठ सैल पडली होती, ती उसवून पुन्हा मारली. पोर पाय झाडत होती, हुंकार देत होती. सून परत आली तेव्हा ठमी मोजे, टोपडं घालून तयार होती आणि टोपाची एक पूर्ण ओळ झाली होती.  बाईंनी फक्त लाकडी डोकं जरा दाराकडे फिरवून ठेवलं.

संध्याकाळी ठमी रडायला लागली. थोडी रडे, झोपे, दचकून उठे. रविवारी सकाळी मात्र तिने आकाश-पाताळ एक केलं. दूध तोंडात धरेना. उचललं तरी रडे, ठेवलं तरी रडे. मुलगा म्हणाला पोट दुखत असेल, आणि त्याने तिला हातात घेऊन दहा वेळा दारापर्यंत फेऱ्या मारल्या. सून म्हणाली कान दुखत असेल. ती रडवेली होऊन, केस तोंडावर आलेले, एकीकडे डॉक्टरांचा नंबर शोधत होती.

"दूध पुरत नसेल," बाई म्हणाल्या. "आईचं सगळं लक्ष डोक्यावर असल्यावर पोरीकडे कुठून उरणार?"

सुनेचा हात फोनवर तसाच थांबला.  मुलाला त्याच क्षणी फोन आला, की आल्यासारखं वाटलं, आणि तो गॅलरीत गेला.

बाईंनी ठमीला ओढूनच घेतलं. पाय गार पडलेत का बघावं म्हणून मोजे काढले. डावा पाय ठीक. उजवा पाय बघितला आणि तो त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे वळवला. अंगठ्याशेजारचं बोट दुपटीने सुजलेलं, लालबुंद, टोकाकडे जांभळं पडत चाललेलं. बोटाच्या मुळाशी दोरीने करकचून आवळावं तशी खाच, आणि खाचेत काय आहे ते दिसत नव्हतं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. बाईंनी बोट फिरवलं आणि त्यांना दिसलं.

"केस आहे," त्या म्हणाल्या. "केस गुंडाळलाय. रुततोय आत."

सुनेने फोन टाकला आणि ती पुढे आली.

"हिला धर. पाय हलता कामा नये. आणि माझं डोक्याला बांधायचं भिंग आण."

पुढची पाच मिनिटं मोठ्या बाई खरोखरच मोठ्या होत्या, हे मान्य करायला हवं. डोळ्याला भिंग लावून, टोपाची सर्वांत बारीक आकडी उकळत्या पाण्यात बुडवून, त्यांनी ती खाचेत अशी सरकवली की कातडीला ओरखडाही गेला नाही. केस तीन वेढे होता. पहिला वेढा आकडीवर उचलला, टोकदार कात्रीने तोडला. दुसरा त्याबरोबर सैल झाला. तिसरा जास्त खोल होता. ठमीने किंचाळून सूर लावला, सून डोळे मिटून तिचा पाय धरून बसली, आणि बाईंचा हात चाळीस वर्षांत जसा कधी हलला नव्हता तसाच आत्ताही हलला नाही. तिसरा वेढा सुटला. दोन तुकडे ओल्या कापसावर चिकटले. बोटावर हळूहळू रंग परत यायला लागला.

तशाच अवस्थेत तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टर बाईंनी बोट सगळीकडून तपासलं, आत काही उरलेलं नाही याची खात्री केली आणि विचारलं, "कुणी काढलं हे?"

"आजीने," मुलगा म्हणाला.

"बोट वाचवलंत तुम्ही. आजचा दिवस असंच राहिलं असतं तर मी काही सांगू शकले नसते." मग त्या सुनेकडे वळल्या. "हे असं होतं कधीकधी. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात ना, त्यातला एखादा मोज्यात जातो. केस बांधून ठेवत जा. आणि रोज बोटं बघत जा."

"हो," सून म्हणाली. परत येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. दोन्ही हातांनी तिने आपले केस मानेपाशी घट्ट धरून ठेवले होते, जणू सोडले तर ते पुन्हा पोरीवर झडप घालतील.

बाई जिंकल्या होत्या. साधंसुधं नाही, डॉक्टरच्या सहीशिक्क्याने जिंकल्या होत्या. घरी पोचल्यावर ठमी पोटभर दूध प्यायली आणि झोपली. मुलगा औषध आणायला गेला. सून कपाटापाशी गेली, त्या तारखा लिहिलेल्या पिशव्यांचा गठ्ठा काढला आणि सगळाच्या सगळा कचऱ्यात टाकला. मग बाईंची मोठी कात्री घेऊन आली आणि त्यांच्यासमोर स्टुलावर पाठ करून बसली.

"कापून टाका आई. मानेपर्यंत नाही, पूर्ण बारीक करा. मला नकोत."

बाईंनी कात्री घेतली.

"आणि पाळणाघराचं राहू दे," सून भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तुम्हीच सांभाळा तिला. मी तिची आई, मला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं. सकाळी माझ्याबद्दल बोललात ते बरोबरच होतं."

हे ऐकायला बाई गेले दोन महिने कान टवकारून बसल्या होत्या. आता ते कानावर आलं, आणि त्यांनी विजयाच्या भरात, निव्वळ सवयीने, सकाळपासून तिपाईवर पडलेल्या कापसावरचे ते दोन तुकडे उजेडाकडे नेले. गुन्हेगाराचं तोंड तरी बघून घ्यावं, एवढाच हेतू. भिंग अजून कपाळावर होतं, ते डोळ्यावर ओढलं.

गळालेल्या केसाला एका टोकाला बारीक पांढरा दाणा असतो. मुळासकट येतो तो. इथे दाणा नव्हता. मुळाच्या बाजूचं टोक कात्रीने छाटलेलं होतं, सरळ, एकाच घावात, बटीतले सगळे केस छाटतात तसं. आणि दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर एक मोड होती. जाळीत गाठ मारताना केस दुमडतो, मग ती गाठ उसवली तरी मोड जात नाही. प्रत्येक विणकरणीची मोड वेगळी असते. ही कुणाची, हे बाईंना दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती. शनिवारी उसवलेली गाठ. मांडीवर पाय झाडणारी ठमी. त्यानंतर मोजे कुणी घातले?

मोठ्या बाईंनी तुकडा उलटा करून पुन्हा बघितला. मोड तीच होती.

"आई? कापताय ना?"

गप्प राहणं फार सोपं होतं. ते दोन तुकडे फुंकर मारून उडवून दिले असते तर संपलं होतं. भिंगातून बघूनही कुणाला काही कळलं नसतं. ठमी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपली, आणि वर सून जन्मभर मान खाली घालून राहणार. बाईंनी खरोखरच तुकडे मुठीत धरले. ही मोठेपणाची गोष्ट नाही, म्हणून सांगायला हवं की त्यांनी मूठ वळली होती आणि दुसऱ्या हाताने सुनेच्या केसांची पहिली बट उचलली होती.

पण भिंग डोळ्यावरच होतं. बट उचलल्यावर खाली, कपाळाच्या कडेने, कानांच्या वर, सगळीकडे बोटाच्या अर्ध्या पेराएवढे नवे केस उभे होते. काळेभोर, ताठ, गच्च. निदान महिनाभराचे. डोकं कधीचं भरायला लागलं होतं. गेल्या दोन महिन्यांत बाईंनी सुनेची बाटली बघितली, पिशव्या बघितल्या, न्हाणीघराची जाळी बघितली. एकदाही तिचं डोकं बघितलं नव्हतं. हिच्या जागी कारखान्यात केस विकायला आलेली कुणीही असती, तर पहिल्या मिनिटाला बघितलं असतं.

कात्री त्यांनी तिपाईवर ठेवली.

"कापायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "नवे आलेत तुझे. हात लाव इथे. आणि ठमीच्या बोटाला होता तो केस तुझा नव्हता. माझ्या टोपातला होता. शनिवारी तिला मांडीवर घेऊन मी काम करत होते."

सून वळली. बाईंनी मूठ उघडून तुकडे आणि भिंग पुढे केलं. तिने भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ बघितलं.

"मला काहीच वेगळं दिसत नाही. तुम्ही बोलला नसतात तर कळलंच नसतं."

"नसतं कळलं."

बाईंनी अंग आवळून घेतलं होतं. आता तोंडाचा पट्टा सुटेल, सकाळचं ते दुधाचं बोलणं व्याजासकट परत मिळेल. मिळायलाच हवं होतं. पण सून आरडाओरडा करेना. ती बोटांनी कपाळाच्या कडेचे नवे केस चाचपत होती, पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

"हे येणार होते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"ते... ते असतंच गं. सगळ्यांचंच होतं. वर्षभरात भरतं डोकं."

"तुमचे गेले होते?"

"मूठमूठ गेले होते."

"मग कारखान्यात येतात त्या बायकांना?"

"त्यांना सांगतेच की मी. पहिल्यांदा तेच सांगते." बोलता बोलताच बाईंना कळलं की आपण काय बोलतो आहोत, पण तोपर्यंत वाक्य पुरं झालं होतं.

सुनेने भिंग नीट पुसून त्यांच्या हातात दिलं. तिचे डोळे कोरडे होते. या घरात आल्यापासून ती बाईंकडे कधी घाबरून बघायची, कधी कौतुकाची आशा धरून. आत्ता ती जशी बघत होती तसं बाईंनी हिरव्या बाटलीवरच्या त्या बयेचा टोप ओळखताना बघितलं होतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, आई. तोंडाने विचारलं होतं."

 सगळ्यांत शेवटी मला का विचारलंस, हे उत्तर बाईंकडे दोन महिने तयार होतं. आता ते जिभेवर आणायचीही त्यांना लाज वाटली.

सूनबाई उठली. केस मागे घेऊन तिने ते घट्ट बांधले आणि झोपलेल्या ठमीला दुपट्यासकट उचलून खांद्यावर घेतलं.

"बोटाचं चुकून झालं," ती म्हणाली. "ते मी विसरेन."

ती आत गेली आणि तिने पाळणाघराच्या बाईंना फोन लावला. पूर्ण दिवस, हो, पहिल्या तारखेपासून, असं ती सांगत होती. मोठ्या बाई बाहेर बसून सगळं ऐकत होत्या. आत जाऊन तिला थांबवावं असं त्यांना फार वाटलं, पण थांबवायला तोंड राहिलं नव्हतं.